ज्या धंद्याचे त्याचे आकडे

तिमाही निकालांच्या दिवसांत मराठी दैनिकांची आतली पाने बारीक टाइपातल्या जाहिरातींनी भरून जातात. कंपनीचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, चार-सहा रकाने, खाली संचालकाचे नाव. या जाहिराती कुणी वाचाव्यात म्हणून छापत नाहीत, असा वाचकांचा समज आहे आणि तो फारसा चुकीचा नाही. बाजार नियामक सेबीच्या २०१५ च्या सूचिबद्धता नियमावलीतला ४७ वा नियम सांगतो की निकाल एका इंग्रजी दैनिकात आणि कार्यालय ज्या भागात आहे तिथल्या भाषेतल्या एका दैनिकात द्या, म्हणून त्या येतात. अलीकडे नियम सैल झाला. सगळे रकाने न छापता क्यूआर कोड आणि संकेतस्थळाचा पत्ता दिला तरी चालते. तो कोड मोबाइलवर टिपला की आपण थेट कंपनीच्या 'इन्व्हेस्टर रिलेशन्स' विभागात जाऊन पडतो.

तिथे बहुधा पीडीएफची रास असते. घराच्या माळ्यावर 'टाकवत नाही म्हणून ठेवलेले' सामान साठते, तशी. वार्षिक अहवाल, निकाल, लाभांशाची सूचना, हरवलेल्या प्रमाणपत्रांच्या नोटिसा, संचालकांच्या नेमणुकीची पत्रे. नियमाने मागितलेले सगळे हजर. पण कंपनी नेमका कोणता धंदा करते आणि तो यंदा कसा चालला आहे, हे त्या राशीतून शोधायला अर्धा दिवस लागतो. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी डीमॅट खाती होती, ऑगस्ट २०२२ मध्ये ती १० कोटींच्या पुढे गेली आणि नंतरही वाढतच राहिली. या नव्या गुंतवणूकदारांपैकी किती जण कंपनीच्या स्वतःच्या पानावर जातात? त्यांचा मुक्काम स्क्रीनरसारख्या तिसऱ्याच संकेतस्थळांवर, यूट्यूबवर आणि टेलिग्रामच्या गटांत. कंपनीबद्दल सर्वांत खात्रीची माहिती जिच्याकडे आहे, तिच्याच दारात गिऱ्हाईक नाही.

सेबीने काही केले नाही, असे मुळीच नाही. ४६ व्या नियमाने संकेतस्थळावर काय काय असावे याची लांबलचक यादी दिली आहे आणि मजकुरात बदल झाला तर तो दोन कामकाजाच्या दिवसांत अद्ययावत करण्याचे बंधनही घातले आहे. १ एप्रिल २०२२ पासून विश्लेषकांबरोबरच्या तिमाही चर्चेचे, म्हणजे बाजाराच्या भाषेत 'कॉनकॉल'चे, ध्वनिमुद्रण आणि शब्दांकन जाहीर करणे सक्तीचे झाले. ही मोठी गोष्ट होती. तोपर्यंत व्यवस्थापन काय बोलले ते फंड मॅनेजरला कळायचे, नांदेडच्या निवृत्त शिक्षकाला नाही. पण हे सगळे नियम सर्व कंपन्यांना एकाच मापाने लागू आहेत. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टाचेही तसेच. बँका आणि विमा कंपन्या सोडल्या, तर साखर कारखाना, विमान कंपनी, रुग्णालय आणि सॉफ्टवेअर कंपनी या सगळ्यांचे नफा-तोटा पत्रक जवळपास एकसारखे दिसते. कच्चा माल, कर्मचारी खर्च, घसारा, व्याज, कर, नफा. तुलनेला ही शिस्त हवीच. मात्र धंद्याची नाडी या रकान्यांत लागत नाही.

साखरेचेच बघा. पश्चिम महाराष्ट्रातल्या कोणत्याही ऊस उत्पादकाला विचारा, कारखाना कसा चाललाय? तो नफा सांगणार नाही. गाळप किती झाले, उतारा काय पडला, एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) चुकती झाली का, हे सांगेल. त्याच्या तोंडी असलेले तीन शब्द हेच साखर उद्योगाचे खरे निर्देशांक आहेत. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली. उतारा वाढला की दरही चढत जातो. म्हणजे उताऱ्याच्या दशांश टक्क्यात शेतकऱ्याचे पैसे आहेत आणि कारखान्याचेही. शिवाय या धंद्याचे वर्ष वेगळे. साखर हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर, आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. पावसाळ्याच्या तिमाहीत धुराडी थंड असतात, जानेवारी ते मार्चमध्ये गाळप जोरात असते आणि ३१ मार्चला गोदाम साखरेने भरलेले असते. त्या साठ्याचे मूल्य कोणत्या दराने धरले यावर वर्षाचा नफा हलतो. अशा कंपनीच्या पानावर 'मागील तिमाहीच्या तुलनेत विक्रीत वाढ' असा ठळक मथळा दिसला, तर तो खरा असूनही निरर्थक असतो.

त्यात आता इथेनॉलची भर. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाचा रस आणि पाक इथेनॉलकडे वळवण्यावर अचानक निर्बंध आणले, पुढे मर्यादित सूट दिली आणि २०२४-२५ च्या हंगामासाठी ते उठवले. या उलथापालथीत कोणत्या कारखान्याला किती झळ बसली हे कळायला एकच तक्ता पुरेसा होता: आसवनीत किती लिटर इथेनॉल थेट रसापासून, किती बी-हेवी मळीपासून, किती सी-हेवीपासून आणि किती धान्यापासून. हा तक्ता ज्यांच्या पानावर होता त्यांच्या भागधारकांना अंदाज बांधता आला. बाकीच्यांनी अफवांवर भागवले. उताऱ्याचेही असेच. साखर होऊ शकणारा गोडवा रसातून किंवा बी-हेवी मळीतून इथेनॉलकडे वळवला की दिसणारा उतारा घसरतो, म्हणून इथेनॉलकडे वळवलेली साखर धरून की वगळून, हे न सांगता दिलेला उतारा दिशाभूल करतो. महाराष्ट्रातले बहुसंख्य कारखाने सहकारी किंवा खासगी आहेत, शेअर बाजारात नाहीत; तरीही पुण्याच्या साखर संकुलातून हंगामात कारखानानिहाय गाळप आणि उताऱ्याचे अहवाल निघतात. सूचिबद्ध कंपन्यांनी आपल्या पानावर तेवढे तरी द्यावे, ही अपेक्षा जगावेगळी नाही.

घरबांधणीत फरक याहून ठळक आहे. एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या ११५ क्रमांकाच्या लेखामानकानंतर अनेक विकासकांचा महसूल घराचा ताबा दिल्यावरच वहीत येतो. आज नोंदवलेले घर नफा-तोटा पत्रकात तीन-चार वर्षांनी उगवते. २०२३-२४ मध्ये गोदरेज प्रॉपर्टीजने साडेबावीस हजार कोटी रुपयांच्या घरांची नोंदणी केली. त्या वर्षी पत्रकात दिसलेला महसूल त्याच्या पाव भागाहूनही कमी होता. इथे केवळ लेखी नफा पाहणारा माणूस चार वर्षांपूर्वीची कंपनी पाहत असतो. म्हणून या उद्योगात नोंदणीचे मूल्य, प्रत्यक्ष वसुली, बांधकामावरचा खर्च आणि शिल्लक कर्ज हे चार आकडेच कामाचे, आणि मुंबईच्या मोठ्या विकासकांनी ते दर तिमाहीला द्यायची पद्धत पाडली आहे. एक पाऊल मात्र क्वचितच कुणी टाकते. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर २०१७ पासून प्रत्येक प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, पूर्ततेची तारीख, किती सदनिका विकल्या गेल्या हे सगळे आहे. गुंतवणूकदारांच्या सादरीकरणात प्रकल्पाचे रंगीत चित्र असते, शेजारी महारेरा क्रमांक आणि तिथे नोंदलेली पूर्ततेची तारीख सहसा का नसते? घर विकण्याच्या जाहिरातीत तो क्रमांक छापणे बंधनकारक आहे. शेअर घेणाऱ्याला त्याची गरज नाही, असे कुणी ठरवले?

बँकांकडे उलट अडचण आहे: आकड्यांचा सुकाळ. थकीत कर्जांचे प्रमाण, चालू व बचत खात्यांचा वाटा, व्याजातला निव्वळ फरक, भांडवल पर्याप्तता, सगळे मिळते. बेसल तीनच्या चौकटीतली माहिती स्वतंत्र विभागात ठेवण्याचे रिझर्व्ह बँकेचेच बंधन आहे. तरी नुसते आकडे असून भागत नाही, हे येस बँकेने दाखवून दिले. मार्च २०१६ अखेर बँकेने ढोबळ थकीत कर्जे ७४९ कोटी रुपये दाखवली होती. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत ती ४,९२६ कोटी निघाली. पुढच्या वर्षीही फरक ६,३५५ कोटींचा होता. असा मोठा फरक जाहीर करण्याची सक्ती रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१७ मध्ये केली, म्हणून तो लोकांपुढे आला. मार्च २०२० मध्ये ठेवीदारांवर पैसे काढण्याचे निर्बंध आले तेव्हा उरलेल्यांनाही कळला. तोवर बँकेची सादरीकरणे देखणीच होती. उद्योगाचे खास आकडे उपयोगी ठरतात ते बाहेरच्या कुणीतरी पडताळलेल्या आकड्याशेजारी ठेवले तरच.

वाहन उद्योगाला ही पडताळणी जवळजवळ फुकट मिळते. महिन्याच्या एक तारखेला कंपन्या विक्री जाहीर करतात. ही विक्री म्हणजे कारखान्यातून विक्रेत्याकडे रवाना झालेल्या गाड्या; गिऱ्हाइकाने घरी नेलेल्या नव्हेत. गिऱ्हाइकाने घेतलेल्या गाड्या केंद्राच्या 'वाहन' प्रणालीतल्या नोंदणीत दिसतात आणि विक्रेत्यांची संघटना फाडा त्यावरून दरमहा किरकोळ विक्री काढते. दोन्हींतला फरक वाढत गेला तर विक्रेत्यांच्या आवारात गाड्या साचत आहेत, हे उघड. अर्थात इथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. बजाज ऑटोसारख्या कंपनीचा मोठा वाटा निर्यातीचा, तो 'वाहन'मध्ये दिसणार नाही. आणि तेलंगणाची आकडेवारी या प्रणालीत बरीच वर्षे नव्हती. या दोन ओळींची टीप कंपनीने स्वतःच दिली तर कितीतरी गैरसमज वाचतील.

विमान कंपन्यांचे चित्र साधारण असेच: नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दरमहा प्रवासी, आसनभरती आणि बाजारातला वाटा प्रसिद्ध करते, आणि इंडिगोची कंपनी प्रत्येक आसन-किलोमीटरमागचे उत्पन्न व खर्च इंधनासह आणि इंधनाशिवाय देते. हॉटेलांत खोलीमागचे उत्पन्न, रुग्णालयांत भरलेल्या खाटेमागचे. यादी लांबवण्यात अर्थ नाही.

अर्थ आहे तो व्याख्येत. एअरटेल आणि जिओ दोघेही ग्राहकामागचे मासिक उत्पन्न सांगतात. मार्च २०२५ च्या तिमाहीत एअरटेलचे २४५ रुपये, जिओचे २०६ रुपये. वर्तमानपत्रांत दोन आकडे शेजारी छापले गेले आणि वाचकाने निष्कर्ष काढला. पण एअरटेलचा आकडा मोबाइल ग्राहकांचा आहे, तर जिओच्या सरासरीत घरगुती ब्रॉडबँडचे ग्राहकही मिसळलेले असतात. दोघेही खोटे बोलत नाहीत. दोघांची मोजपट्टी वेगळी. दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्या कंपन्यांत हा गोंधळ आणखी मोठा आहे. एकूण ऑर्डरचे मूल्य पाकिटावरच्या एमआरपीने धरायचे की गिऱ्हाइकाने खरोखर दिलेल्या पैशाने? एका प्रश्नाच्या उत्तरावर व्यवसायाचा आकार फुगतो किंवा आकसतो.

व्याख्या मोकाट सुटली की काय होते, त्याचा नमुना अमेरिकेत कार्यालयीन जागा भाड्याने देणाऱ्या वीवर्कने घालून दिला. २०१८ मध्ये कर्जरोखे विकताना या कंपनीने 'कम्युनिटी अॅडजस्टेड एबिटडा' नावाचा आकडा पुढे केला. त्यात जाहिरातीचा, प्रशासनाचा, नव्या जागा उभारण्याचा खर्च वजा करायचाच नाही, असे होते. खर्च धरलाच नाही तर कुणाचाही धंदा नफ्यात! पुढच्याच वर्षी तिची समभागविक्री बारगळली. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकी नियामकाने, म्हणजे एसईसीने, अशा निर्देशांकांसाठी मार्गदर्शन जारी केले: आकडा द्यायचा तर त्याची व्याख्या द्या, तो कसा काढला ते सांगा, गुंतवणूकदाराला त्याचा उपयोग काय ते सांगा, व्यवस्थापन स्वतः तो कसा वापरते ते सांगा आणि पद्धत बदलली तर कारणासह कबूल करा. माझ्या मते कोणत्याही कंपनीच्या पानासाठी एवढा मजकूर पुरेसा आहे. सल्लागार नेमण्याची गरज नाही.

यातले शेवटचे कलम सर्वांत अवघड. कंपन्यांना आकडे आवडतात ते चढते असेपर्यंत. नोव्हेंबर २०१८ मध्ये अॅपलने जाहीर केले की यापुढे किती आयफोन विकले ते सांगणार नाही. नेटफ्लिक्सने २०२५ पासून तिमाही सदस्यसंख्या देणे थांबवले. दोघांचे म्हणणे सारखेच: आता या आकड्यातून आमचा धंदा कळत नाही. त्यात तथ्य असेलही. फोनची संख्या थांबली आणि सेवांचे उत्पन्न वाढले, तर जुने माप अपुरे पडतेच. पण माप बदलायचा मुहूर्त नेमका वाढ मंदावताना कसा सापडतो, ही शंका घेण्याचा भागधारकाला अधिकार आहे. जुना आणि नवा असे दोन्ही आकडे किमान दोन वर्षे शेजारी चालवावेत, मग जुना सोडावा. ही सवय प्रामाणिकपणाची आहे, आणि दुर्मीळ आहे.

आपल्याकडे आकड्यांच्या या गळतीचे एक खास रूप आहे आणि या साऱ्या प्रश्नाचा गाभा मला तिथेच दिसतो. कंपनी प्रथम बाजारात येते तेव्हा तिच्या प्रस्तावपत्रात उद्योगाचे निर्देशांक भरभरून असतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये सेबीने ते सक्तीचे केले: गेल्या तीन वर्षांचे प्रमुख निर्देशांक द्या, त्यांच्या व्याख्या द्या, ते प्रमाणित करून घ्या आणि सूचिबद्ध प्रतिस्पर्ध्यांच्या आकड्यांशी तुलना दाखवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये असोचॅम, सीआयआय आणि फिक्की यांच्या मंचाने तयार केलेली तपशीलवार मानकेही आली. म्हणजे उद्योगनिहाय आकडे देता येत नाहीत, स्पर्धकाला फायदा होतो, व्याख्या एकसारख्या नाहीत, ही तिन्ही कारणे पैसे गोळा करताना आड येत नाहीत. सूचिबद्ध झाल्यानंतर हे आकडे देत राहण्याचे बंधन एक वर्ष, किंवा गोळा केलेला पैसा खर्च होईपर्यंत, यांपैकी जे नंतर असेल तोपर्यंत. त्यानंतर? बऱ्याच कंपन्यांच्या पानावरून ती कोष्टके हळूच नाहीशी होतात. ज्याने आयपीओत अर्ज केला त्याला दुकान दाखवले, ज्याने नंतर बाजारातून शेअर घेतला त्याला फक्त पावती.

बाहेरच्या मानकांचीही मदत आहे, पण ती अर्धी. अमेरिकेतल्या सॅस्ब या संस्थेने २०१८ मध्ये ७७ उद्योगांसाठी स्वतंत्र मानके काढली; पर्यावरण आणि समाजाशी निगडित कोणती बाब कोणत्या उद्योगाच्या पैशावर परिणाम करते, हे त्यात वेगवेगळे मांडले आहे. २०२२ मध्ये ही मानके आंतरराष्ट्रीय लेखामानकांच्या प्रतिष्ठानकडे गेली. आपल्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार कंपन्यांना बीआरएसआर हा व्यावसायिक जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. हेतू चांगला. पण प्रश्नावली पुन्हा सर्वांना एकच: सिमेंट भट्टीलाही तीच आणि म्युच्युअल फंड कंपनीलाही तीच. त्यामुळे सिमेंटवाल्याचा टनामागचा कार्बन, जो त्याच्या उद्याच्या खर्चाशी थेट जोडलेला आहे, शेकडो पानांत कुठेतरी दडतो.

मांडणीचा मुद्दा किरकोळ वाटतो, तो नाही. अजूनही कित्येक कंपन्या निकालाचा कागद सही-शिक्क्यासह स्कॅन करून चढवतात. त्यातला मजकूर निवडता येत नाही, शोधता येत नाही; दृष्टिहीन वाचकाच्या संगणकाला तर तो कोरा कागदच. गंमत अशी की हीच कंपनी शेअर बाजारांना एक्सबीआरएल या यंत्रवाचनीय स्वरूपात तेच आकडे देत असते. म्हणजे सुटा आकडा तयार आहे, फक्त स्वतःच्या पानावर द्यायचा नाही. याउलट १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली इन्फोसिस बघा. तिचे तिमाही तथ्यपत्रक काही पानांचेच असते, पण मोठ्या ग्राहकांची संख्या, मनुष्यबळ किती कामात होते, किती जण सोडून गेले, चलनातला फरक वगळून वाढ किती, हे दर वेळी त्याच क्रमाने येते. एअरटेलचा तिमाही अहवाल मागच्या तिमाह्यांचे आकडे शेजारी ठेवतो आणि शेवटी शब्दार्थांची यादी देतो. यात कसलीही चमक नाही. वाईट तिमाहीतही रकाना हलत नाही, हेच त्याचे मोल.

कंपन्यांच्या बाजूने दोन गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. पहिली, उद्योगाचे तुलनात्मक आकडे स्वतःच्या पानावर टाकले की ते चुकल्यास जबाबदारी कुणाची, ही कायदा विभागाची भीती खोटी नाही. म्हणून दुसऱ्याचा आकडा देताना स्रोत आणि तारीख लिहावी, शक्य तिथे सरकारी स्रोतच घ्यावा आणि मूळ पानाचा दुवा द्यावा. दुसरी, इचलकरंजीची सूतगिरणी किंवा चाकणची सुटे भाग करणारी छोटी कंपनी बाजारात असली तरी तिच्याकडे या कामाला स्वतंत्र माणूस नसतो. कंपनी सचिवच सगळे करतो. पण तिला भपकेबाज पानाची गरजही नाही. सूतगिरणीने चात्यांची संख्या, क्षमतेचा वापर, कापूस आणि सूत यांच्या दरातला फरक आणि युनिटमागचा वीजखर्च एवढे दहा वर्षांचे एका एक्सेल तक्त्यात ठेवले, तर मोठ्या कंपनीच्या फिरत्या चित्रांपेक्षा ते पान वरचढ ठरेल. हे आकडे कारखान्यात रोज लिहिलेच जातात. एकच पथ्य पाळायचे: नवा आकडा आधी शेअर बाजाराला, मग संकेतस्थळावर.

भाषेबद्दल एवढेच म्हणतो की मराठी दैनिकात छापलेला क्यूआर कोड इंग्रजी पीडीएफवर नेऊन सोडतो. पाच निर्देशांक आणि त्यांच्या व्याख्या मराठीत द्यायला एक पान पुरते.

सेबी उद्या प्रत्येक उद्योगासाठी तक्ते ठरवून देईलही. आयपीओसाठी ते झालेच आहे आणि तीच मानके सूचिबद्ध कंपन्यांना कायमची लावणे ही पुढची सरळ पायरी आहे. पण तोवर थांबण्याचे कारण नाही. २०२० पासून बऱ्याच कंपन्यांच्या वार्षिक सभा दृक्-श्राव्य माध्यमातून होतात. एक शेअर असलेला भागधारकही आधी नाव नोंदवून घरबसल्या बोलू शकतो. गुंतवणूकदारांच्या तक्रारींसाठीचा ईमेल पत्ता संकेतस्थळावर देणे कंपनीवर बंधनकारक आहेच. यंदाच्या सभेत लाभांश वाढवा म्हणणारे पुष्कळ असतील. तुम्ही प्रस्तावपत्रातले निर्देशांक पानावर परत आणा, व्याख्येसह आणि एक्सेलमध्ये, एवढे मागा. मागणी कार्यवृत्तात नोंदवली जाईल, याकडे लक्ष ठेवा.